अकरा नंबरचं शेपूट

३ मार्च, सोमवार

आज मॅडम माझ्या टेबलाकडे बघून "हं" म्हणाल्या. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या "हं"चे चार प्रकार आहेत आणि आजचा चांगल्यातला होता. इथे लागल्यापासून मला मिळालेला हा पहिलाच. कारण नळी.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावर येणारं. नवं औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते हृदयाचा ताल बिघडवतं का, ते बघायचं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हावं लागतं. त्यासाठी पेशीच्या भिंतीतलं एक बारीक दार उघडतं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. काही औषधं, खरं तर बिचारी सर्दीची नाहीतर पोटाची, जाता जाता त्या दारात ठाण मांडून बसतात. मग हृदयाला सज्ज व्हायला उशीर होतो, ताल चुकतो आणि धडधाकट माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. म्हणून ते दार असलेली पेशी आम्ही बशीत वाढवतो, एकाच पेशीला केसाहून बारीक टोकाची काचेची सुई टेकवतो, वरून औषध मिसळलेलं पाणी सोडतो आणि पडद्यावरची रेघ बघत बसतो. रेघेला शेवटी एक उंचवटा येतो, त्याला सगळे शेपूट म्हणतात. शेपूट उभं असेल तर दार मोकळं. शेपूट पडलं की औषधाचं काही खरं नाही.

बाटलीतून पेशीपर्यंत पाणी आणणारी जुनी नळी कडक होती. सांध्यातून निसटायची आणि सगळं टेबल भिजवायची. मी मऊ, पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी आणून बसवली. कुठेही वळवा, तक्रार नाही. टेबल कोरडं, मी खूश, मॅडम "हं".

घरी येऊन मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी अक्कल आहे तर स्टीलचा डबा ने. त्या प्लास्टिकच्या डब्याचा वास जात नाही, घासून घासून माझे हात दुखले." आई गेल्यापासून मी मावशीकडेच आहे, तेव्हा बोलणी खायची सवय आहे. प्लास्टिकचा डबा हलका असतो आणि त्याचं झाकण घट्ट बसतं. मी तोच नेणार.

५ मार्च, बुधवार

मोजणीवाला आजही बरोबर जेवणाच्या वेळेला उगवला. तो पलीकडच्या खोलीत बसतो. कुठल्या पाण्यात किती औषध आहे ते यंत्रावर अचूक मोजून देणं, एवढंच त्याचं काम. त्याला बाहेर जेवायला काय होतं कोण जाणे. माझ्या समोरची खुर्ची ओढतो, माझ्या डब्यातलं उचलतो आणि वर नावं ठेवतो.

"हे सफरचंद आहे ना?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय सफरचंद. लागतंय लसूण."

काल डब्यात लसणीची भाजी होती, हे खरं. पण फुकट खाणाऱ्याने एवढं चिकित्सक असू नये. उद्यापासून दोन सफरचंदं न्यायची, म्हणजे माझ्या वाट्याला एक तरी येईल.

मावशीची खाज आज फार वाढली होती. तिच्या मूत्रपिंडांनी अंग टाकल्यापासून ही खाज आहे. पुरळ नाही, लाली नाही, आतून मुंग्या चावल्यासारखं होतं म्हणते. झोप तर केव्हाच सोडून गेली. फणीने पाठ ओरबाडत असते, मग मी तिचं मनगट धरते आणि ती म्हणते, "बरं, नाही खाजवत." हात सोडला की पुन्हा सुरू. आज डोकं दुखतं म्हणून गोळी घेतली तर एक सांगितलेली असताना दोन घेतल्या. मी ओरडले. "एकीने माझं काय होतंय? मी काय लहान आहे का?" म्हणाली. तिच्यापुढे मी हात टेकले.

१० मार्च, सोमवार

आज अकरा नंबर आला. औषधं आमच्याकडे नंबराने येतात. कशासाठी आहेत ते कुणी सांगायचं नाही आणि आम्ही विचारायचं नाही. पण औषध घेऊन आलेल्या टायवाल्या साहेबांच्या तोंडात तीळ भिजत नाही. चहा घेता घेता म्हणाले, "मूत्रपिंडाच्या रोग्यांची खाज. विचार करा, किती लोक वाट बघताहेत." मला मावशीची फणी आठवली.

घरी मूग गिळून बसायला हवं होतं. बसले नाही. औषधाचा नंबर सांगितला नाही, कंपनी सांगितली नाही, एवढंच म्हटलं की तुझ्यासारख्यांसाठी एक औषध येतंय आणि ते आधी माझ्या हाताखालून जाणार आहे. मावशीने हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मला परत विणता येईल?" लोकर अंगाला लागली की तिची खाज दुप्पट होते. म्हणून तिने सुया कपाटात वर टाकल्यात, माझा हात पोचत नाही अशा फळीवर. मी म्हटलं, बघू.

बघू काय, मला ते औषध पास व्हायला हवंय. हे इथे लिहून ठेवते, मॅडमसमोर म्हणता येणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

शेपूट उभं! अगदी ताठ!

सकाळी पहिली पेशी रुसली, दुसरी सुईला चिकटली पण लगेच फाटली. तिसरी मात्र गुणी निघाली. साधं पाणी सोडलं, शेपूट छान. अकरा नंबर सोडला, आधी पातळ, मग थोडा जास्त, मग आणखी जास्त. शेपूट जागचं हललं नाही. सगळ्यात दाट पाण्याला किंचित मान डोलावल्यासारखं केलं, तेवढंच. शेवटी नियमाप्रमाणे खलनायक सोडला. खलनायक म्हणजे हृदयाचा ताल नक्की बिघडवतं असं ठाऊक असलेलं जुनं औषध. पेशी खरंच जागी आहे ना, हे तपासायला रोज वापरतो. त्याचा थेंब पोचला आणि शेपूट भुईसपाट. म्हणजे पेशी जागी, यंत्र ठीक, परीक्षा खरी.

मोजणीवाल्याने बाटलीतलं पाणी तपासलं. "जेवढं म्हणालीस तेवढंच औषध आहे," म्हणाला. मी म्हटलं, असणारच, मिसळलंय कोणी? तो उगाचच बराच वेळ दारात उभा होता. आज मी डबा नेला नव्हता, तरीही.

१४ मार्च, शुक्रवार

पेशींनी आज नाकी नऊ आणले. औषध नाही काही नाही, नुसतं साधं पाणी सोडलं, आणि शेपूट हळूहळू बसायला लागलं. दुसरी पेशी घेतली, तेच. बाटली बदलली, पाणी नवं केलं, तेच. दुपारनंतर आपोआप सुधारलं. कालच्या यशाने पेशींना दृष्ट लागली असावी. मॅडम येऊन बघून "हं" म्हणाल्या. हा तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे विचार करणारा.

मी सांगितलं, "पेशी म्हाताऱ्या झाल्यात. नवीन वाढवते."

बशीभर पेशी फेकून दिल्या. जरा वाईट वाटलं.

१८ मार्च, मंगळवार

काल एका दिवसात आणखी चार पेशी झाल्या आणि चारही वेळा अकरा नंबर धुतल्या तांदळासारखा निघाला. आज पेशी न लावता अहवाल लिहिला, त्यावर मी सही केली, माझ्या खाली मॅडमनी केली. टायवाले साहेब केक घेऊन आले. पुढच्या महिन्यात माणसांना पहिले डोस देणार, आधी धडधाकट लोकांना आणि मग रोग्यांना. केकचा मधला तुकडा मोजणीवाल्याने स्वतः न खाता माझ्या ताटलीत ठेवला. त्याला गोड आवडत नसावं.

घरी आले तर मावशी स्टुलावर. कपाटाच्या वरच्या फळीवरून सुया काढत होती. टेबलावर लोकरीचे गुंडे, गर्द हिरव्या रंगाचे. "तुझ्यासाठी स्वेटर. औषध येईपर्यंत मागची बाजू तरी होईल." हातात सुती मोजे घालून विणायला बसली होती. मोजे घातलेल्या हाताने टाके निसटत होते आणि ती हसत होती. मावशीला असं हसताना मी किती दिवसांनी बघितलं.

आज माझे पाय जमिनीवर नाहीत.

२१ मार्च, शुक्रवार

टायवाल्या साहेबांना एक जास्तीची पेशी हवी होती, म्हणून काल पुन्हा अकरा नंबर चालवला. उत्तम. आणि आज पुन्हा सकाळी पेशींचे नखरे. साध्या पाण्याला शेपूट खाली. या तर नव्या पेशी आहेत, तरण्याताठ्या! अकरा नंबरच्या दुसऱ्या दिवशीच यांना काय होतं? त्याची सवय लागली की काय? मोजणीवाल्याला सांगितलं तर तो हसला नाही. "दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी?" म्हणाला. मी म्हटलं, योगायोग. विषय बदलला.

२४ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

जेवायला बसलो. काल सुटी होती. शनिवारी डब्यात लसणीची भाजी होती. मावशीने डबा काल दोनदा घासला, उन्हात ठेवला. आज त्यात नुसत्या पेअरच्या फोडी. मोजणीवाल्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाला, "शनिवारी लसूण."

मी हसले. तोंडात घास होता. आणि मग माझ्यानं चाववेना.

डब्याने शनिवारी लसूण पिऊन ठेवली आणि आज ती फळात सोडली. म्हणजे शनिवारच्या भाजीत लसूण तेवढी कमी पडली असणार.

माझी मऊ, पारदर्शक, लांब, गुणी नळी. प्लास्टिकची. अकरा नंबर हे तेलकट औषध आहे, पाण्यात विरघळवताना माझा घाम निघाला होता. बाटलीत ते पुरेपूर होतं, मोजलेलं आहे. पण पेशीपर्यंत पोचलं किती? ते कोणीच मोजलं नाही. आम्ही नेहमी बाटलीतलंच मोजतो. आणि जे नळीने पिऊन ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यात थोडं थोडं सोडलं. पेशी रुसल्या नव्हत्या. त्या मला सांगत होत्या. खलनायक नळीला चिकटत नाही, म्हणून परीक्षा खरी वाटली.

मोजणीवाल्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, दाढ दुखते."

२५ मार्च, मंगळवार

मोजायला दिलं नाही. नळीच्या टोकाखाली कुपी धरायची आणि त्याच्याकडे नेऊन द्यायची, एवढंच काम. दिवसभर मी काच तापवून सुया ओढल्या, पेट्या पुसल्या, टेबलाचे पाय सुद्धा पुसले. मनात सारखं येत होतं की कदाचित तसं नसेलही. अहवाल गेलाय. दोघींच्या सह्या आहेत. औषध पुढे माणसांवर तपासतीलच की, तिथे डॉक्टर असतात, यंत्रं असतात.

तिथे माणसं असतात, हेही मनात आलं.

मावशीच्या स्वेटरची मागची बाजू माझ्या कमरेपर्यंत आली. मला उभं करून पाठीला लावून बघितली. "जरा ताठ उभी राहा ना," म्हणाली. मला राहता येईना.

२६ मार्च, बुधवार

सकाळी गेले ती सरळ कुपी भरली आणि मोजणीवाल्याच्या टेबलावर ठेवली. "ही बाटलीतली, ही नळीच्या टोकाची." त्याने यंत्र चालू केलं आणि मला बसायला खुर्ची दिली. आकडा आल्यावर त्याने तो मोठ्याने वाचला नाही, पडदा माझ्याकडे वळवला. बाटलीत सगळं. टोकाशी त्याचा दहावा हिस्साही नाही.

अहवालावरची माझी सही आठवली. पण खरं सांगायचं तर त्याबरोबर जरा सुटल्यासारखंही वाटलं.

मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, नळी, पेशी, डबा. कालचा दिवस मी मुद्दाम घालवला, हेही सांगितलं. मला वाटलं आता माझी खैर नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"नळी तू बदललीस ते मी बघितलं होतं. टेबल कोरडं झालं म्हणून मलाही बरं वाटलं." मग उठल्या आणि खुंटीवरचा पांढरा कोट अंगात चढवला. त्यांना कोट घालताना मी पहिल्यांदाच बघितलं. "चल. जुनी नळी कुठे टाकलीस?"

"टाकली नाही. खणात आहे."

"हं," म्हणाल्या. हा पाचवा प्रकार असावा.

२७ मार्च, गुरुवार

जुनी कडक नळी, शक्य तितकी आखूड. बाकी सगळं काचेचं. टेबल ओलं, माझी बाही ओली. या खेपेला टोकाशी मोजलं, औषध पुरेपूर. सुईला पेशी मॅडमनी स्वतः लावली, एका झटक्यात, त्यांचा हात जराही हलत नाही.

अकरा नंबर, सगळ्यात पातळ. शेपूट किंचित खाली. त्याच्या पुढचा. रोज एक गोळी घेतली तर रक्तात साधारण एवढंच असेल. शेपूट निम्म्याच्या खाली. त्याच्या पुढचा, म्हणजे दुप्पट, सोडला आणि शेपूट उरलंच नाही. खलनायकाची गरजच पडली नाही.

आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. मला रडू आलं, आणि ते कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही. मॅडमना वाटलं चुकीसाठी. "अजून कोणाच्या पोटात गेलं नाही," म्हणाल्या. "डोळे पूस आणि दुसरी पेशी लाव."

२८ मार्च, शुक्रवार

टायवाले साहेब आले. केक नव्हता. रेघा बघून त्यांचा चेहरा पडला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "मॅडम, ती मऊ नळीच परत लावली तर?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रोग्याच्या अंगात आमची नळी नसते."

पहिला अहवाल मागे घेतला, दुसरा गेला, त्यावर पुन्हा दोघींच्या सह्या. अकरा नंबर बंद. मला वाटलं होतं मला काढून टाकतील. त्याऐवजी यापुढे प्रत्येक औषध नळीच्या टोकाशी मोजायचं असा नियम झाला, आणि तो लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

संध्याकाळी मोजणीवाल्याने एक खोका दिला. आत काचेचा डबा, घट्ट झाकणाचा. खोक्याला रिबीन होती. नव्या नियमाप्रमाणे सगळं काचेचं करताहेत वाटतं. मी म्हटलं, याची पावती ऑफिसला दे, पैसे मिळतील. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काही चुकीचं मोजलं होतं. मग म्हणाला, "उद्या लसूण आण." विचित्र माणूस आहे.

३० मार्च, रविवार

दोन दिवस मावशीला सांगायचं टाळलं. आज सकाळी तिने स्वेटर पुन्हा पाठीला लावला. खांद्यापर्यंत आलाय. मोज्यांच्या वर तिचे हात ओरबाडून लाल झालेले दिसत होते. म्हटलं, आता पुरे.

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं की ते औषध येणार नाही. हृदयाला धोका आहे. आधी मला ते कळलं नाही, माझीच चूक होती, मग कळलं, आणि मीच ते थांबवलं.

मावशीने सुया खाली ठेवल्या. खिडकीकडे तोंड करून बसली. मोजे काढले आणि कोपर खाजवायला लागली, जोरात, आता थांबायचं काही कारण उरलं नाही अशी. मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग खाजवता खाजवता म्हणाली, "किती घ्यायचं होतं ते?"

"रोज एक गोळी."

"एकीने माझं काय झालं असतं," मावशी म्हणाली. "मी दोन घेतल्या असत्या. पहिल्याच दिवशी."

अगदी साधेपणाने म्हणाली. लोकरीचं एक सूत दाताने तोडलं आणि सुया पुन्हा हातात घेतल्या. मला गुरुवारची रेघ दिसली, एका गोळीची आणि त्याच्या पुढची, जिथे शेपूट उरलंच नव्हतं. अहवालात रोगी असतो, त्याला चेहरा नसतो. मी इतके दिवस माझ्या मावशीसाठी ते औषध पास व्हावं म्हणून जीव टाकत होते.

मी तिचं मनगट धरलं.

"बरं, नाही खाजवत," ती म्हणाली.

मी सोडलं नाही. तिला वाटलं मी खाजवू देत नाहीये. मी नाडी बघत होते. एकामागून एक ठोके येत होते, सगळे वेळेवर.